गुरुवारचं कार्ड

या गुरुवारी तबिथा आवळेच्या हाती जे कार्ड लागलं
त्यावर एक बाई, डोक्याला चौकटीचं फडकं गुंडाळलेली,
मागे पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं,
आणि खाली छापलेलं एक नाव
जे आमच्यापैकी एकीलाही धड वाचता येईना.
ग्याय, म्हणाली तबिथा.
जाय, म्हणाल्या लोंढेबाई, आणि स्वतःच हसल्या,
"जाय म्हटल्यावर येतील कशी?"
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची रिनमावी मिझोरामची,
डोंगरातली, म्हणून तिला ठाऊक असणार
असं आम्ही उगाच धरून चाललेलो.
"मला कसं माहीत, सिस्टर? ते व्हिएतनामात."

मिरजेत, जुन्या क्षयवॉर्डामागची खोली.
आम्ही सात जणी, एक पंखा,
आणि ज्यांचं नाव तोंडात बसत नाही
त्यांच्यासाठी करायची प्रार्थना.

कार्डावर लिहिलेलं:
म्हशी पाळतात, भात लावतात.
देव्हाऱ्यात धुपाच्या तीन वाट्या,
आभाळ-जमिनीची, चुलीची, वाडवडिलांची.
घरात कुणी बाळंत झालं की दाराला पाला टांगतात,
परक्यानं उंबरा ओलांडू नये म्हणून.
ख्रिस्ती, अगदी थोडे.
आणि तळाशी ठळक अक्षरांत: अजून न पोहोचलेले.

मी चाळीस वर्षं बाळंतपणं केली.
दाराचा पाला मला कळतो.
म्हैसाळ, बेडग, आरग, किती उंबऱ्यांवर
लिंबाची डहाळी हातानं सारून आत गेले,
"शिस्टर हाय, चालतंय" म्हणत कुणी वाट दिली.
पाचवीच्या रात्री पाट्यापाशी
सटवाईसाठी ठेवलेला कोरा कागद, शेजारी टाक-दौत;
त्यावर मी पाय पडू दिला नाही.
टाके तपासले,
पिशवीतलं शुभवर्तमान पाट्यापासून जरा लांब ठेवलं,
चहा घेतला, निघाले.
पाळकसाहेबांना यातलं काही सांगितलं नाही.

तबिथा म्हणत होती, प्रभू, त्यांचे हात
मूर्तींपासून मोकळे कर,
आणि मला हरिपूर आठवलं.
आमच्या घरचा बाप्तिस्मा झाला त्या साली
देव्हाऱ्यातले टाक संगमावर सोडायचे ठरले.
खंडोबा, काळूबाई, आणि घोड्यावरचा एक वीर,
कुणाचा कोण, नाव विसरलेला.
आजेसासूबाईंनी दोन सोडले.
तिसरा हळदीच्या पेवात, पोत्यांच्या तळाशी.
पेव उघडलं तेव्हा आधी कंदील सोडून पाहिला,
तो विझला नाही, मग हमाल उतरला,
आणि मूठ वर करून म्हणाला, हे काय?
चांदी काळी पडायची, ती पिवळी झालेली.
म्हातारी तोवर देवळात पहिल्या बाकावर बसायची,
सगळी स्तोत्रं पाठ.
तिनं हात पुढे केला. "माझं हाय."
कुणी काही विचारलं नाही.
शेवटी पेटीत तिच्या मुठीत काय होतं, काय नव्हतं,
ते मला ठाऊक आहे,
कारण तिला न्हाऊ मीच घातलं.

माझी पाळी आली.
डोळे मिटले तर ती फडकंवाली बाई समोर,
दारात उभी, आत ये म्हणेना, जा म्हणेना.
पोहोचणं म्हणजे कुठवर, हे मला कधी नीट कळलं नाही.
म्हणाले, प्रभू,
तिच्या घरी कुणी अडलेली असेल
तर पाणी उकळलेलं असू दे, ब्लेड नवं असू दे.
आणि आपल्यातलं कुणी तिथं गेलंच,
तर दाराचा पाला त्याला आधी दिसू दे.

आमेन म्हणायला सगळ्यांना जरा उशीर झाला.
लोंढेबाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या.
रिनमावीनं पंखा बंद केला.

कार्ड परत डब्यात टाकायचं असतं. मी टाकलं नाही.
रिक्षात बसल्यावर पर्समधून काढून
तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं,
ग्याय. झाय. जाय.
रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं,
"कुठं जायाचं, मावशी?"